हक्क सोडणे आणि हक्क पोहोचवणे

रमजानचे निम्मे रोजे सरले की अनेक मुस्लिम घरांत एक हिशोब मांडला जातो. घरातले सोने-चांदी, बँकेतली शिल्लक, दुकानातला माल, लोकांकडून यायची रक्कम हे सगळे एका बाजूला आणि देणी दुसऱ्या बाजूला. वजाबाकी करून जे उरते ते साडेसात तोळे सोन्याच्या किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढे भरत असेल आणि त्यावर एक चांद्रवर्ष उलटले असेल, तर शेकडा अडीच रुपये जकात निघते. हिशोब वहीतला आहे, कोरडा आहे. पण त्याच्या तळाशी जो शब्द आहे तो या शहरातल्या प्रत्येकाच्या तोंडी असतो, मग त्याचा धर्म कोणताही असो. तो शब्द म्हणजे हक्क.

मराठी माणसाला हा शब्द परका वाटतच नाही. घर हक्काचे असते, अडीअडचणीला धावणारा मित्र हक्काचा असतो. मोर्चात हक्काची घोषणा होते, तलाठ्याकडे सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्का'ची चौकशी होते. राज्यघटनेच्या हिंदी अनुवादात 'मूल अधिकार' आले, मराठी अनुवादात मात्र 'मूलभूत हक्क' बसले. अरबस्तानातून निघून फारसी दप्तरांच्या वाटेने आलेला हा पाहुणा इतका घरचा झाला की तो कुठून आला आणि येताना काय घेऊन आला, हे विचारायचे राहूनच गेले.

अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या धातूपासून घडतात. क-त-ब हा धातू घेतला तर किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा आणि मकतब म्हणजे लिहिणे-वाचणे शिकण्याची जागा. अक्षरे तीच राहतात, स्वर आणि जोडणी बदलते, आणि एका मुळातून शब्दांचे अख्खे घराणे उभे राहते. हक्क या शब्दाचा धातू ह-क-क असा आहे. त्यातला 'क' म्हणजे घशाच्या मागून निघणारा काफ, आणि तो दोनदा येतो. बोलल्या जाणाऱ्या हिंदी-उर्दूत हा शब्द 'हक' एवढाच उरला. मराठीने मात्र तो जोड 'क' सांभाळून ठेवला.

या धातूचा पहिला अर्थ कोणता? अकराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या दोन कोशकारांनी दिलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत. इब्न फारिस यांच्या मते या धातूच्या मुळाशी पक्केपणा आणि खरेपणा आहे. जे पोकळ नाही, डळमळत नाही ते हक्क. कुरआनातल्या शब्दांचा कोश लिहिणारे राघिब इस्फहानी आणखी पुढे जातात. ते म्हणतात, मूळ अर्थ जुळणे, नेमके बसणे हा आहे, आणि दाखला देतात दाराचा. जुन्या वाड्यांच्या दारांना लोखंडी बिजागऱ्या नसत. फळीच्या कडेला वर-खाली खुंट ठेवलेले असत आणि ते उंबऱ्यातल्या व चौकटीतल्या खोबणीत बसवलेले असत. खुंट खोबणीत नीट बसला की जड दारही एका हाताने फिरते. सुटला की सारे दार कुरकुरते आणि अडते. त्या खोबणीला अरबीत याच धातूचा शब्द आहे. खुब्याचे हाड ज्या खोबणीत फिरते तिलाही 'हुक्क' म्हणतात. म्हणजे ज्याची जी जागा, तिथे ते असणे, हा या शब्दाचा पाया आहे.

एवढे कळले की घराण्यातले बाकीचे शब्द आपोआप ओळखीचे होतात. 'हकीकत' म्हणजे जे घडले त्याच्याशी तंतोतंत जुळणारे सांगणे. जुन्या मराठी पत्रव्यवहारात हा शब्द पानोपानी भेटतो, आणि खेड्यात आजही 'हकिगत' सांगितली जाते. 'तहकीक' म्हणजे खरे-खोटे तपासणे. पोलिसांची तहकीकात त्यातूनच आली आणि पोथ्या-हस्तलिखिते पडताळून पाहणाऱ्या अभ्यासकाला 'मुहक्किक' म्हणतात. उर्दूत सख्ख्या भावाला 'हकीकी' भाऊ म्हणतात. मोठ्या आकाराच्या कुरआन-प्रतींसाठी इजिप्तच्या मामलूक काळात वापरल्या गेलेल्या एका ठसठशीत सुलेखन-शैलीचे नाव 'मुहक्कक' आहे. अरबीत 'हुक्का' म्हणजे गोल डबी किंवा छोटे भांडे. गुडगुडीच्या तळाशी पाण्याचे भांडे असते म्हणून तिलाही तेच नाव पडले.

या घराण्यात एक उंटीणही आहे. तीन वर्षे पुरी करून चौथ्यात पदार्पण केलेल्या उंटिणीला अरबीत 'हिक्का' म्हणतात. आता ती स्वार आणि ओझे वाहण्याच्या लायक झाली, तो तिचा हक्क झाला, म्हणून हे नाव, असे कोशकार सांगतात. गंमत अशी की जकातीच्या नियमांत हीच उंटीण येते. ज्याच्याकडे सेहेचाळीस ते साठ उंट असतील त्याने जकातीत एक हिक्का द्यायची. जे द्यायचे ते थकलेले, टाकाऊ जनावर नव्हे. कामाला आलेले, किंमत असलेले जनावर.

मराठीने या शब्दाची उलटी बाजूही उचलली आहे. फारसी 'ना' लागून 'नाहक' झाला: नाहक त्रास, नाहक बदनामी. 'हक-नाहक' म्हणजे रास्त असो वा नसो. जीभ फिरता फिरता त्याचा 'हकनाक' झाला, आणि वर्तमानपत्रांना तो जवळजवळ रोज लागतो. खड्ड्यामुळे, उघड्या विजेच्या तारेमुळे माणूस जातो तेव्हा 'हकनाक बळी' असे छापले जाते. जे व्हायला नको होते, ज्याची ती जागा नव्हती, ते झाले, असा त्या शब्दाचा पूर्ण अर्थ आहे.

दिसायला भावंडे पण प्रत्यक्षात परक्या घरचे असेही काही शब्द आहेत. हुकूम, हाकिम, हुकूमत, हकीम हे सगळे ह-क-म या वेगळ्या धातूचे. त्यातला 'क' घशातला नाही, साधा आहे. मराठीत दोन्ही 'क' सारखेच ऐकू येतात म्हणून घोटाळा होतो. हकालपट्टीचा तर अरबीशी काहीच संबंध नाही, ती हाकलण्यातून आली. हक्क आणि हुकूम यांची मुळे वेगळी आहेत ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हुकूम वरून सुटतो आणि मागेही घेतला जातो. हक्क कुणाच्या मर्जीने निर्माण होत नाही. तो असतोच, प्रश्न फक्त तो पोहोचला की नाही एवढाच असतो.

म्हणूनच इस्लाममध्ये 'अल-हक्क' हे ईश्वराचे एक नाव आहे: जो खरोखर आहे, ज्याचे असणे कशावर अवलंबून नाही. इ. स. ९२२ मध्ये बगदादमध्ये मृत्युदंड दिला गेलेल्या मन्सूर हल्लाज या सूफीच्या नावाशी जोडलेला 'अनल-हक्क' हा उद्गार याच शब्दाचा आहे. एकच शब्द ईश्वराचे नावही आहे, सत्यही आहे आणि गरिबाच्या येण्यालाही तोच लागतो. समुद्रापलीकडे हा शब्द गेला तेव्हाही त्याने हे ओझे सोडले नाही. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत 'हाकी' म्हणजे न्याय आणि हक्क दोन्ही. मलेशिया-इंडोनेशियात मानवी हक्कांसाठी 'हाक' हाच शब्द आहे. तुर्की भाषेत याचे अनेकवचन 'हुकुक' म्हणजे कायदा.

आता रमजानच्या हिशोबाकडे परत येता येते. कुरआनने जकात-सदक्याबद्दल बोलताना दोन ठिकाणी हाच शब्द वापरला आहे, सूरह जारियात आणि सूरह मआरिज यांत. तिथे चांगल्या माणसांचे वर्णन करताना सांगितले आहे की त्यांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो. दुसऱ्या ठिकाणी त्या हक्काला 'ठरलेला' असे विशेषणही आहे. वंचितासाठी आलेला शब्द 'महरूम' आहे. म्हणजे मागणाऱ्याबरोबरच जो मागत नाही, भिडेपोटी हात पसरत नाही, त्याचाही हक्क मोजला गेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या निधनानंतर काही टोळ्यांनी नमाज कबूल पण जकात नाही अशी भूमिका घेतली, तेव्हा पहिले खलिफा हजरत अबू बकर (र.) यांनी ती मान्य केली नाही. जकात हा मालमत्तेवरचा हक्क आहे, असे त्यांचे उत्तर होते.

हे उत्तर नीट वाचले तर देणाऱ्याची पायरी बदलते. अडीच टक्के रक्कम मालकाच्या तिजोरीत आहे खरी, पण ती त्याची नाही. ती दुसऱ्याची आहे आणि चुकून, काही काळ, त्याच्याकडे राहिली आहे. जकात घेण्यास पात्र माणसाला 'मुस्तहिक' म्हणतात. हा शब्दही त्याच धातूचा: ज्याचा हक्क लागू झाला तो. दुसऱ्याची वस्तू परत करताना कुणी उपकाराची भाषा करत नाही आणि परत घेणाऱ्याला रांगेत उभे करून त्याचा फोटो काढत नाही. तरी रमजानमध्ये शिधावाटपाचे फलक लागतात, पिशवीवर देणाऱ्याचे नाव छापले जाते आणि पिशवी घेणाऱ्या विधवेचा चेहरा मोबाइलवर साऱ्या शहरात फिरतो. हक्क तिचा होता. त्या फोटोने तो भीक करून टाकला.

महाराष्ट्राला हा फरक समजायला अरबी व्याकरणाची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे ठरवले होते. हक्क कागदावर होता, ओंजळीत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा त्यात याचना नव्हती. खुंट खोबणीत बसवण्याचा तो प्रयत्न होता.

अरबी भाषेत हक्क या शब्दानंतर कोणते अव्यय येते यावर सारे फिरते. 'ली' आले तर हक्क माझा, मला येणे. 'अलय्य' आले तर तोच हक्क माझ्यावर, माझ्याकडून देणे. कैरो-दमास्कसच्या बोलभाषेत 'हक्क माझ्यावर आहे' असे कुणी म्हणाले तर त्याचा अर्थ होतो, चूक माझी आहे. आज बहुतेक भाषांत हक्क म्हटले की पहिली बाजूच डोळ्यांपुढे येते. इस्लामी धर्मशास्त्राचा भर दुसऱ्या बाजूवर आहे: तुझ्यावर कुणाकुणाचा हक्क आहे ते आधी मोज.

या मोजणीत धर्मशास्त्री दोन रकाने करतात. एक 'हुकूकुल्लाह', ईश्वराचे हक्क: नमाज, रोजा, हज. दुसरा 'हुकूकुल इबाद', माणसांचे हक्क: मजुरी, कर्ज, वारसा, अब्रू. पहिल्या रकान्यातली कसूर ईश्वर आपल्या दयेने माफ करू शकतो. दुसऱ्या रकान्यातली थकबाकी ज्याची आहे त्याला परत करावी लागते किंवा त्याच्याकडूनच माफ करून घ्यावी लागते, असे विद्वान सांगत आले आहेत. प्रेषितांची एक हदीस या संदर्भात नेहमी आठवली जाते. त्यांनी सोबत्यांना विचारले की मुफलिस, म्हणजे दिवाळखोर, कोण? ज्याच्याकडे पैसाअडका नाही तो, असे उत्तर आले. प्रेषितांनी सांगितले की खरा दिवाळखोर तो, जो निवाड्याच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण ज्याने कुणाला शिवी दिली असेल, कुणावर आळ घेतला असेल, कुणाचा पैसा खाल्ला असेल. त्याचे पुण्य त्या सगळ्यांत वाटले जाईल आणि ते संपले तर त्यांचे पाप त्याच्या माथी येईल. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवणही याच रकान्यातली.

हक्कदारांची ही यादी लांब आहे. सलमान फारसी (र.) आपले मानलेले भाऊ अबू दरदा (र.) यांच्याकडे गेले, तेव्हा घरातली बाई उदास दिसली. अबू दरदा दिवसा ऐच्छिक रोजे धरत आणि रात्रभर प्रार्थनेत उभे राहत. घराकडे त्यांचे लक्षच नव्हते. सलमान यांनी त्यांना रोजा सोडून आपल्याबरोबर जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि पहाटे उठवले. मग समजावले की ईश्वराचा तुझ्यावर हक्क आहे, तसा तुझ्या देहाचा आणि घरच्यांचाही आहे. प्रत्येक हक्कदाराला त्याचा हक्क दे. प्रेषितांना हे कळले तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले असे सांगितले. एवढेच काय, रस्त्याचाही हक्क आहे. रस्त्यावर बैठक मारणाऱ्यांना प्रेषितांनी आधी तसे न बसण्याचा सल्ला दिला. दुसरी जागा नाही असे लोक म्हणाले, तेव्हा मग रस्त्याला त्याचा हक्क द्या असे सांगितले: नजर खाली ठेवा, कुणाला त्रास देऊ नका, सलामाला उत्तर द्या, चांगले सांगा, वाईटापासून रोखा. इफ्तारच्या वेळी बाजारपेठेत गाडी आडवी लावून भजी घ्यायला उतरणाऱ्याने ही हदीस एकदा आठवावी. मागे अडकलेल्या रिक्षात कुणी आजारी असेल, तर त्या रोजेदाराच्या वहीत एक थकबाकी चढली.

पण सर्वांत मोठी थकबाकी घराच्या उंबऱ्याच्या आत आहे. मराठीत या धातूपासून एक शब्द घडला आहे: हक्कसोडपत्र. वडील गेले की काही महिन्यांत भाऊ बहिणीला निबंधक कार्यालयात घेऊन जातो. येताना साडी किंवा ड्रेसचे कापड मिळते, हॉटेलात जेवण होते, आणि मध्ये कुठेतरी अंगठा किंवा सही. कधी सहीचीही तोशीस नको म्हणून बहिणीचे नाव 'इतर हक्कात' ढकलले जाते. सही का केली असे विचारले तर ती सांगते, माहेर तुटायला नको.

हा प्रकार एका धर्माचा नाही. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीने वाटा देणारी सुधारणा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, देशाने २००५ मध्ये केली आणि हा हक्क जन्मानेच मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मुस्लिम मुलीचा वाटा तर सातव्या शतकात कुरआनच्या सूरह निसामध्ये लिहिला गेला. मालमत्ता थोडी असो वा फार, पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही त्यात ठरलेला वाटा आहे असे तिथे सांगितले आहे. तो वाटा भावाच्या निम्मा का, यावर समाजात वाद आहे आणि तो व्हायलाही हवा. पण त्या वादाच्या आधीचा प्रश्न असा की तो निम्मा तरी किती बहिणींच्या हाती पोहोचला? वारशाविषयी बोलताना प्रेषितांनी वापरलेले शब्द सलमान यांच्या शब्दांशी जुळतात: ईश्वराने प्रत्येक हक्कदाराला त्याचा हक्क दिलेला आहे. वाटणी तिथे झालेली आहे. भावाच्या हाती उरते ते फक्त पोहोचवण्याचे काम.

मेहरचेही तेच. निकाहच्या वेळी पती पत्नीला जी रक्कम कबूल करतो तिला बोलीत 'हक्क-मेहर' म्हणतात; शब्दातच हक्क आहे. तरी अनेक घरांत ती रक्कम आयुष्यभर कागदावर राहते आणि पतीचा जनाजा उठण्याआधी नातेवाईक बाया पत्नीला म्हणतात, मेहर माफ कर. त्या घटकेला नाही म्हणणारी बाई कुठून येणार? कुरआनने मेहर राजीखुशीने द्यायला सांगितले आहे आणि पत्नीने आपणहून त्यातले काही सोडले तरच ते पतीला घेता येते असे म्हटले आहे. जनाजाशेजारी भरल्या डोळ्यांनी दिलेली माफी आणि माहेर तुटेल या भीतीने केलेली सही यांना 'आपणहून' म्हणता येत नाही. ज्याने हक्क घ्यायचा त्यानेच तो सोडावा, हे तेव्हाच खरे, जेव्हा तो आधी त्याच्या हातात ठेवलेला असतो.

ईदला अजून अवकाश आहे. सोने तोलून, शिल्लक पाहून जकातीचा आकडा निघाला की त्याच वहीत आणखी एक पान उघडता येईल. त्यावर पत्नीचे मेहर असेल, बहिणीचा वाटा असेल, कामगाराची राहिलेली मजुरी असेल, मित्राकडून घेतलेले आणि दोघांनीही विसरल्यासारखे केलेले पैसे असतील. या पानाला अडीच टक्क्यांचा हिशोब लागू नाही. तिथे पुरती रक्कम द्यावी लागते. हे पान फक्त रोजेदारांसाठीही नाही. दिवाळीच्या वहीपूजनालाही ते उघडता येईल, कारण हक्कसोडपत्राच्या रांगेत उभ्या असलेल्या बहिणींत शबाना असते तशी शोभाही असते.

जुन्या वाड्याचे दार वर्षानुवर्षे अडत असले तर घरच्यांना त्याची सवय होते; खांदा लावून ते उघडायचे हे लहान मुलेही शिकतात. खुंट खोबणीतून सुटला आहे हे मग कुणाला आठवतही नाही. बहिणीचा वाटा तिच्या नावावर लावायला एक फेरफार नोंद लागते. तलाठी कार्यालय रमजानमध्येही उघडे असते.